घरची गाडी, लेडी ड्रिव्हन

मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या मराठी मंडळात सुवर्णा आगाशेला सगळे जरा टरकूनच असत. ती तोंडावर बोले. पुरणपोळी कोरडी झाली असेल तर वाढणारीसमोरच "कोरडी झालीय" म्हणे, नाटकात कुणाचं पाठांतर कच्चं असलं तर मध्यंतरातच मेकअपच्या खोलीत जाऊन सांगून येई, आणि वर जोडे, "मला बाई आत एक आणि बाहेर एक जमत नाही." वीस वर्षं ती हे वाक्य म्हणत आली होती. वय अठ्ठावन्न, शिक्षण एम.कॉम., आणि नोकरी एका प्राथमिक शाळेत. ज्या मुलांना वर्गात जास्त मदत लागते त्यांच्या शेजारी बसून त्यांना शिकवायचं. त्या मुलांशी खोटं बोललेलं चालत नाही, ती तिथल्या तिथे ओळखतात, असंही ती अभिमानानं सांगे.

तर अशा बाईनं एक गाडी विकली, त्याची ही गोष्ट.

गाडी पोपटी रंगाची, छोटी, मागून उघडणारी हॅचबॅक. बारा वर्षांची. आश्लेषा, म्हणजे सुवर्णाची मुलगी, अकरावीत असताना तिच्यासाठी जुनीच घेतलेली. पुढे आश्लेषा शिकून शिकागोला नोकरीला लागली, डेव्हन ॲव्हेन्यूच्या जवळ घर घेऊन राहिली. तिथं रस्त्यावर गाडी लावायला जागा मिळवायची म्हणजे युद्धच, म्हणून पोपटी गाडी आईच्या दारात राहिली. आश्लेषा इथं असतानाच, छोट्या जुन्या गाड्यांचं होतं तेच हिचं झालं होतं. सुरुवातीची वर्षं आहे की नाही हे विसरून जावं इतकी गुणी, आणि मग एकदम एकामागून एक दुखणी. थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिकच्या डब्याला चीर गेली, कूलंट गळायला लागलं, साडेचारशे डॉलर. मिनेसोटात हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठानं पुढच्या चाकाचं बेअरिंग खाल्लं, गाडी विमानासारखी घूं घूं करायला लागली, चारशे. इंजिनाखालचं रबर बसलं, तीनशे दहा. मागचं दार थंडीत लागेना, तेव्हा आश्लेषानं ते आतून दोरीनं बांधून अख्खा जानेवारी काढला.

हे सगळं झेललं. मग गिअरबॉक्स सुरू झाला.

गाडी ऑटोमॅटिक, पण आतून दोन क्लच असलेला प्रकार. सिग्नलवरून निघताना गाडी थरथरायची. कधी पाय दाबला तरी क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम मागून कुणी ढकलल्यासारखा हिसका. आश्लेषानं त्यावर एक युक्ती शोधून काढली होती. लाल दिव्याला थांबलं की गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची. हिरवा झाला की परत ड्राइव्हमध्ये, एक श्वास थांबायचं, मग ब्रेक सोडायचा. हिसका निम्मा व्हायचा. हळूहळू घरात सगळ्यांनाच ती सवय लागली. आपण काही वेगळं करतोय हेही कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

ऑगस्टमध्ये सुवर्णानं गाडी डेलकडे नेली. डेल हा त्यांचा पंधरा वर्षांचा गॅरेजवाला, साठीचा, मितभाषी. त्यानं गाडी एक फेरी मारून आणली आणि कागदावर आकडा लिहून दिला. क्लचचा संच आणि तो चालवणारा छोटा कंप्यूटर मिळून दोन हजार आठशे चाळीस. "गाडीच सगळी मिळून साडेतीन हजारांची," तो म्हणाला, "मी तुमच्या जागी असतो तर नसते घातले." त्यानं तो कागद घडी करून तिच्या हातात दिला आणि तिनं तो पर्समधल्या आतल्या कप्प्यात ठेवला.

सप्टेंबरात गणपतीच्या आरतीनंतर मंडळातली तिची जुनी मैत्रीण रेखा तिला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, तुझी ती पोपटी गाडी पडूनच आहे ना? आमच्या स्वानंदीला देतेस का?"

सुवर्णा क्षणभरही थांबली नाही. "वेडी आहेस का? गिअरबॉक्स गेलाय तिचा. तीन हजारांचं काम आहे. घेऊ नकोस."

"बाई गं, बरं झालं सांगितलंस," रेखा म्हणाली. आणि सुवर्णाला नेहमीसारखं बरं वाटलं.

नोव्हेंबरात संजयनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, गाडी विकायची जाहिरात तयार केली. बर्फ पडायच्या आत दारातली जागा मोकळी व्हायला हवी, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मंडळाच्या आणि आणखी दोन ग्रुपवर त्यानं टाकलं: 'घरची गाडी, लेडी ड्रिव्हन, जपून वापरलेली, छत्तीसशे डॉलर.'

"लेडी ड्रिव्हन कशाला लिहिलंस?" सुवर्णानं विचारलं. "इथं त्याला काय अर्थ आहे?"

"आपल्या लोकांना आहे."

"आणि गिअरबॉक्सचं?"

संजयनं चष्मा कपाळावर चढवला. "हे बघ, इथं प्रायव्हेट सेल म्हणजे आहे तशी विकायची. कायदाच तसा आहे. विचारलं तेवढं सांगायचं, न विचारलेलं सांगत बसायचं नाही. आणि छत्तीसशेच म्हणतोय, चांगली असती तर पाच हजार मिळाले असते. किमतीत आलं ना ते."

तिनं जाहिरात तशीच राहू दिली. म्हणजे तिला पटलं होतं असं नाही, पण पटवून घ्यायला सोपं होतं.

तीन दिवसांनी जागृती मेश्रामचा फोन आला.

जागृती नागपूरची. इथं एम.एस. करून एका मेडिकल उपकरणांच्या कंपनीच्या लॅबमध्ये लागलेली, सत्तावीस वर्षांची, बारीक चणीची मुलगी. मंडळात नवीन होती. तिच्या लोकांचा वेगळा ग्रुप होता, चौदा एप्रिलचा मोठा कार्यक्रम ते करत, पण दिवाळीला ती मंडळात आली होती आणि कुणाच्या ओळखीची नसताना भांडी घासायला उभी राहिली होती, हे सुवर्णाच्या लक्षात होतं. कंपनीची लॅब मार्चपासून गावाबाहेर हलणार होती. तिथं बस जात नव्हती. मार्चच्या आत लायसन्स आणि गाडी, नाहीतर नोकरी गेली, आणि नोकरी गेली की व्हिसाचे दिवस मोजायचे. भारतात तिनं स्कूटीशिवाय काही चालवलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती आली. सुवर्णानं थालीपीठ लावलं होतं. घरी कुणी आलं की ती काहीतरी खायला घालायचीच.

"काकू, मी खरं तर बाहेरची एक गाडी बघितली होती," जागृती लोणी लावत म्हणाली. "पण रूममेट म्हणाली, आधी गॅरेजला दाखव. ते दीडशे डॉलर घेतात नुसतं बघायला. तुमची म्हटल्यावर ते टेन्शनच नाही. तुमच्याकडून घ्यायची आणि वर तपासून घ्यायची, कसंतरीच वाटतं ना."

सुवर्णाच्या हातात उलथनं होतं. पर्समध्ये डेलचा कागद होता, आणि पर्स तिथंच, खुर्चीच्या पाठीला लटकत होती. आता सांगायचं, हे तिला कळलं.

सोफ्यावरून संजय म्हणाला, "अगं, तिला आणखी एक वाढ ना."

तिनं वाढलं.

मग जागृतीनं विचारलंही. अगदी सरळ विचारलं. "काकू, गाडीला काही त्रास नाही ना?"

"थंडीत जरा कुरकुरते. जुनी आहे ना," सुवर्णा म्हणाली. "पण घरची गाडी आहे गं. जपून वापरलीय."

जागृतीला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून फेरी मारायला सुवर्णाच चालवायला बसली. वाटेत तीन सिग्नल लागले. तीनही सिग्नलला तिनं न्यूट्रल, ड्राइव्ह, श्वास, ब्रेक हे इतकं सफाईनं केलं की गाडी लोण्यासारखी निघाली. जागृतीची नजर तिच्या हाताकडे होती.

"तुम्ही हातानं ते काय करता, काकू?"

"तसं केलं की गाडीला आराम मिळतो," सुवर्णा म्हणाली.

परत आल्यावर जागृतीनं नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. तिचे वडील देवानंद एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. पांढरा सदरा, मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, फोन इंजिनाजवळ धरायला लावला आणि डोळे मिटून ऐकलं.

"इंजीन तर मस्त आहे जी, ताई. एकदम सुईसारखं. गिअर कसा पडते?"

"ऑटोमॅटिक आहे हो," सुवर्णा म्हणाली. "त्यात आपल्याला गिअर टाकायचा नसतो. बघण्यासारखं काही नाही."

"हां हां, ऑटोमॅटिक. मी बसच्या बाहेरचं काही शिकलो नाही," ते हसले. "तुम्ही आहात म्हणून बरं वाटते. पोट्टीकडे लक्ष ठेवजा जी, ताई."

"हो हो. मीच शिकवीन तिला चालवायला," सुवर्णा म्हणून गेली. संजयला वाटलं ही भलतीच उदार झाली. खरं म्हणजे तिला त्या क्षणी त्या माणसाला काहीतरी देऊन मोकळं व्हायचं होतं, आणि खरं सोडून जे हाताशी होतं ते तिनं दिलं.

छत्तीसशेला गाडी जागृतीची झाली, आणि पुढचे तीन महिने दर शनिवारी सकाळी नऊला सुवर्णा जागृतीच्या अपार्टमेंटवर जाई आणि दोघी शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये पोपटी गाडी घेऊन जात. बर्फाचे काळपट ढिगारे कडेला रचलेले, मध्ये मोकळी जागा. पहिल्याच दिवशी गाडीनं निघताना असा हिसका दिला की जागृती किंचाळली.

"सॉरी, सॉरी काकू!"

आणि सुवर्णा काय म्हणाली? म्हणाली, "असू दे. थांबलीस की न्यूट्रल. निघायचं असलं की ड्राइव्ह, मग एक श्वास, मग ब्रेक सोड. असंच करायचं असतं."

असंच करायचं असतं! शिकवायची इतकी वर्षांची सवय, त्यामुळे वाक्यही छान ठाम निघालं. जागृतीनं घरी जाऊन ते वहीत लिहून ठेवलं. लॅबमधली मुलगी, पायऱ्या क्रमानं लिहायची तिला सवय. पुढच्या शनिवारी तिनं वही दाखवली. 'एक श्वास' याच्याखाली दोन रेघा होत्या.

फेब्रुवारीत टेस्ट होती. शिकाऊ परमिटवर असलेल्या माणसाबरोबर लायसन्सवालं कुणीतरी लागतं म्हणून सुवर्णा गेली. परीक्षक बाई जागृतीला घेऊन निघाल्या आणि सुवर्णा आत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. बाहेर उणे चौदा होतं. गाडी गार पडली की जास्तच थरथरते हे तिला ठाऊक होतं, म्हणून येताना तिनं मुद्दाम लांबचा रस्ता घेऊन गाडी गरम करून आणली होती. हेही जागृतीला सांगितलं नव्हतं.

वीस मिनिटांनी दोघी परत आल्या. जागृतीचा चेहरा बघूनच कळलं.

परीक्षक बाई चांगल्या होत्या, आवाज न चढवता बोलल्या. प्रत्येक थांब्यावर ही न्यूट्रलमध्ये टाकते. एका चौकात डावीकडे वळायचं होतं, समोरून ट्रक येत होता, मधे वळण्यापुरती जागा मिळाली आणि हिनं पाय दाबला तेव्हा गाडी न्यूट्रलमध्येच होती. इंजिन ओरडलं, गाडी हलली नाही. मग घाईनं ड्राइव्हमध्ये टाकली तर हिसका बसून चौकाच्या मध्यात उभी राहिली. टेस्ट तिथंच थांबवली. "हे तिला कुणी शिकवलं?" त्यांनी सुवर्णाकडे बघून विचारलं.

"माझ्या काकूंनी," जागृती म्हणाली. आणि लगेच, "पण त्यांची चूक नाही. मी घाबरले. त्यांनी नीट शिकवलं होतं."

बाईंनी सुवर्णाला सांगितलं, "प्लीज, असं शिकवू नका. धोक्याचं आहे." शाळेत पालकांना सांगतात तशा सुरात. सुवर्णानं मान हलवली. कान गरम झाले होते आणि हातमोजे कुठे ठेवले ते सापडत नव्हते. ते तिच्या हातातच होते.

परतताना ती चालवत होती. पहिल्याच लाल दिव्याला तिचा हात आपोआप गिअरच्या दांड्याकडे गेला. तिनं तो मागे घेतला. हिरवा झाला, गाडीनं दोघींना सडकून हिसका दिला.

"बघा ना," जागृती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "काकू, मला तुम्हाला एक सांगायचं होतं. रागावू नका."

"काय?"

"गाडी मी बिघडवलीय बहुतेक."

सुवर्णानं तिच्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे पाहात राहिली.

"महिन्याभरापासून हिसके वाढलेत. तुम्हाला सांगायची लाज वाटली. तुम्ही इतकी वर्षं जपून वापरलेली, आणि मी तीन महिन्यांत... मागच्या आठवड्यात रूममेटला घेऊन एका गॅरेजला गेले. तो म्हणाला, क्लच गेले, एकोणतीसशे डॉलर. कसं चालवता विचारलं, मी सांगितलं न्यूट्रलचं, तर तो हसला. म्हणाला, अशानं लवकर झिजतात. मी शिकताना काहीतरी चुकीचं केलं असणार. माझा पायच जड आहे. बाबा पण रोज ओरडतात, तुझ्या पायाला काय झालंय म्हणून. त्यांनी चाळीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, आणि त्यांची मुलगी..." ती थांबली. "तुमची घरची गाडी होती. सॉरी, काकू."

आता तरी सांगायला हवं होतं की नाही? कुणीही म्हणेल, हो. दार सताड उघडं होतं. सुवर्णा म्हणाली, "होतं असं. वाईट नको वाटून घेऊस." आणि तिला अपार्टमेंटवर सोडून, गाडी तिच्या जागेवर लावून, स्वतःच्या गाडीत बसून घरी आली. जिला आत एक आणि बाहेर एक जमत नाही ती ही बाई.

संध्याकाळी आश्लेषाचा फोन आला. तिला आईबापाशी बोलताना मराठी थोडी आणि इंग्रजी फार लागायची. टेस्टचं ऐकून ती म्हणाली, "वेट. न्यूट्रल? आई, तू तिला माझा न्यूट्रल हॅक शिकवलास?"

"शिकवला म्हणजे... गाडी तशीच चालवावी लागते ना."

"बट यू टोल्ड हर, राइट? ट्रान्समिशनचं?"

सुवर्णानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आई. यू टोल्ड स्वानंदीज मॉम इन लाइक टू सेकंड्स."

"ते वेगळं होतं."

"वेगळं हाऊ?"

सुवर्णा म्हणाली, ठेवते, कुकर लावायचाय. कुकर लावायचा नव्हता, जेवणं झाली होती. ती भांडी पुसत उभी राहिली. वेगळं कसं? रेखाला वीस वर्षं ओळखते म्हणून? जागृतीलाही तिनं घरी जेवायला वाढलं होतं. रेखा उद्या चारचौघांत बोलेल म्हणून? हां, हे जरा जवळ आलं. जागृती बोलणार नव्हती. बोलली असती तरी तिच्या त्या दुसऱ्या ग्रुपमध्ये, आणि तिथलं इथं कुणाच्या कानावर येत नाही. हे तिनं गाडी विकताना मनात ठरवलं नव्हतं. ठरवायची गरजच पडली नव्हती. मेश्राम हे आडनाव फोनवर ऐकलं तेव्हाच कुठेतरी आत ते परस्पर ठरून गेलं होतं, आणि ती तर आयुष्यभर सांगत आली होती की आम्ही असलं काही मानत नाही. परीक्षक बाईंसमोर वाटली होती ती शरम वेगळी होती. ही तिला उभं राहू देईना. ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, हातात ओलं फडकं तसंच.

संजय पाणी प्यायला आला. "काय झालं?"

"तिचे पैसे परत करायचे. सगळे. आणि गाडी आपण परत घ्यायची."

"सगळे? अगं पण तीन महिने वापरली तिनं. आणि तसं बघितलं तर आपण खोटं कुठं..."

"संजय, गप्प बस," ती म्हणाली, आणि तो बसला. एवढ्या हळू आवाजात ती त्याला कधी गप्प बस म्हणाली नव्हती.

शनिवारी ती संजयची मोठी गाडी घेऊन गेली. "आज हिच्यावर शिक," ती म्हणाली. "दुसरी टेस्टही हिच्यावरच दे." जागृतीला वाटलं काकूंना आपल्या हाती पोपटी गाडी आता देववत नाही. तिनं काही न बोलता सीट पुढे घेतली.

संजयची गाडी धड होती. पाय ठेवला की निघायची. पण पार्किंगमधल्या पहिल्या थांब्याच्या पाटीला जागृतीचा उजवा हात दांड्यावर गेला.

"हात काढ."

"हो, हो."

दुसऱ्या पाटीला परत गेला. तिसऱ्याला तिनं स्वतःच ओठ चावून मागे घेतला, आणि श्वास मात्र घेतला. एक श्वास. दोन रेघा मारलेला.

"थांब," सुवर्णा म्हणाली. "गाडी कडेला लाव. पार्कमध्ये टाक."

जागृतीनं लावली. इंजिन चालू, हीटरची फरफर. सुवर्णानं पर्स उघडली आणि डेलचा कागद काढून दोघींच्या मधे ठेवला.

"ह्याच्यावरची तारीख बघ."

"ऑगस्ट," जागृती वाचत म्हणाली. "काकू, हे... हे त्याच गाडीचं आहे?"

"हो. तू यायच्या तीन महिने आधीचं. मला माहीत होतं. न्यूट्रल म्हणजे गाडी चालवणं नाही. तो त्या गाडीचा रोग होता, आणि तो लपवायची युक्ती मी तुला ड्रायव्हिंग म्हणून शिकवली. तुझा पाय जड नाही. तू काहीही बिघडवलं नाहीस."

जागृती कागदाकडे बघत राहिली. ती रडेल, ओरडेल, असं सुवर्णाला वाटलं होतं. किंबहुना ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," जागृती म्हणाली.

"हो."

"बाबांनी पण विचारलं होतं. गिअरचं."

"हो."

"आणि त्या दिवशी टेस्टनंतर मी सॉरी म्हणत होते तेव्हा?"

"तेव्हाही माहीत होतं."

सुवर्णानं चेक काढला. छत्तीसशे, आणि गॅरेजच्या तपासणीचे, टेस्टचे, इन्शुरन्सचे धरून वर काही. जागृतीनं तो घेतला, वाचला, घडी करून खिशात टाकला. नको काकू, असू द्या, असं काही म्हणाली नाही. म्हणावं अशी सुवर्णानं अपेक्षा केली होती का? थोडी केली होती. त्याचीही तिला लाज वाटली.

"हे ठीक आहे," जागृती म्हणाली. "पण बाबांना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर त्यांना वाटेल मी माझी चूक झाकतेय."

नागपुरात रात्रीचे साडेआठ झाले असतील. जागृतीनं फोन लावून डॅशबोर्डवर टेकवला. तोच सदरा, तोच फोटो. देवानंद जेवून उठले होते, हात पुसत होते. "अरे वा, ताई! कशा आहात जी? आमच्या पोट्टीनं तुम्हाला लई त्रास दिला ना?"

"नाही," सुवर्णा म्हणाली. "मी दिलाय. मला तुम्हाला सांगायचंय."

आणि सांगितलं. ऑगस्ट, डेल, आकडा, न्यूट्रल, सगळं. आयुष्यभर स्पष्ट बोलल्याचा टेंभा मिरवलेल्या बाईला त्या पाच-सहा वाक्यांना इतका वेळ लागला की मधे एकदा देवानंदना वाटलं फोन अडकला.

ऐकून त्यांनी हात पुसायचं फडकं बाजूला ठेवलं. मग वर्कशॉपमध्ये गाडी घेऊन आलेल्या ड्रायव्हरला विचारावं तसं विचारू लागले. "हिसका निघताना बसते की चालत्या गाडीत?"

"निघताना."

"थंड गाडीत जास्त?"

"हो."

"पहिल्यावरून दुसऱ्यात जातानाही?"

"कधी कधी."

"किती दिवसांपासून?"

"दीड वर्ष."

"म्हणजे क्लच प्लेटच. पोरीच्या हाती येण्याच्या आधीच गेलेली." ते मुलीकडे वळले. फोनमध्ये त्यांचा चेहरा मोठा झाला. "बेटा, तुझा पाय बरोबर होता. म्या उगाच बोललो तुला."

"हो, बाबा," जागृती म्हणाली आणि तोंडावर हात धरून खिडकीकडे वळली. रडली ती तेव्हा.

"बरं," देवानंद म्हणाले. "सांगितलं ते बरं केलं, मॅडम."

ताई नाही. मॅडम. कडवटपणा नव्हता त्यात. ऑफिसात अनोळखी बाईला म्हणतात तसं, नीट, आदरानं. सुवर्णाला वाटलं, शिवी दिली असती तर परवडली असती.

दोन आठवड्यांनी जागृती संजयच्या गाडीवर टेस्ट पास झाली. त्या दिवशीही सुवर्णाच बरोबर गेली, कारण रूममेटला कामावरून सुटी मिळाली नाही आणि जागृतीला नोकरी टिकवायची होती. मार्चमध्ये तिनं एक दुसरी छोटी गाडी घेतली, राखाडी, एका अनोळखी म्हाताऱ्याची, दीडशे डॉलर देऊन गॅरेजला दाखवून. वर्षप्रतिपदेच्या कार्यक्रमाला ती मंडळात आली नाही. एप्रिलमध्ये दुकानात भेटली, हातात कोथिंबीर. नीट बोलली. नवीन लॅब कशी आहे, बाबांना मोतीबिंदू झालाय. पण काकू म्हणाली नाही. मावशी नाही, मॅडम नाही, काहीच नाही. 'तुम्ही' वर भागवून गेली. ती गेल्यावर सुवर्णानं हातातली कोथिंबीर परत ठेवली आणि मग परत उचलली.

पोपटी गाडी सुवर्णानं डेलकडून दुरुस्त करून घेतली, दोन हजार आठशे चाळीस मोजून. डेल म्हणाला, मी नाही म्हटलं होतं. ती म्हणाली, माहीत आहे. विकायची नाही असं तिनं संजयला सांगितलं, आणि आता रोज तीच गाडी घेऊन ती शाळेत जाते. गाडी छान निघते. हिसका नाही, थरथर नाही. मंडळात हल्ली ती कुणाची पोळी कोरडी झाली तर खाऊन घेते. रेखानं एकदा विचारलंही, "काय गं, बरं नाही का तुला?"

शाळेच्या आधी एक लांबलचक लाल दिवा लागतो. तिथं थांबलं की सुवर्णाचा उजवा हात अजून दांड्याकडे जातो. ती त्याच्याकडे बघते आणि तो उचलून मांडीवर ठेवते.